पंचमीला कोण येतं?

आयुष्यात घर घ्यायची वेळ माझ्यावर एकदाच आली आणि पहिल्याच फेरीत मी अर्धा तास शेजाऱ्याचं घर तपासलं. वडगावातल्या त्या गल्लीत घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या आणि दारांचे रंगही सारखे. एजंट फोनवर म्हणाला होता, "निळ्या दाराचं घर. तुम्ही व्हा म्होरं, मी आलोच." मी झालो पुढं. भिंतींवर टिचक्या मारल्या, नळ सोडून बघितला, स्वयंपाकाच्या कट्ट्यावरून हात फिरवून "झकास आहे" असा शेरा दिला. घरातल्या बाईंनी मला पालिकेचा माणूस समजून चहा पाजला आणि घरपट्टी कमी करायची विनंती केली. मी "बघूया" म्हणालो.

बाहेर आलो तर पलीकडच्या निळ्या दारासमोर माझी बायको उभी. तिच्याशेजारी इरकल नेसलेली एक ठेंगणी, सावळी, साठी ओलांडलेली बाई. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या.

"भिंतीवर टिचक्या मारत हुता न्हवं?" ती बाई म्हणाली. "भिंत म्हंजे कलिंगड काय वो?"

या उतारे आक्का. रजिस्ट्रार कचेरीच्या आवारात दस्त लिहून देणाऱ्या एका बाँडरायटरकडं त्यांनी तीस-बत्तीस वर्षं टायपिंग केलं होतं. म्हातारा बाँडरायटर गेला, टाइपरायटर भंगारात गेला, आक्का तिथंच चिंचेखाली स्टूल टाकून बसल्या. घराचा उतारा, म्हणजे घर कुणाच्या नावावर कसं आलं त्याचा सरकारी कागद, त्यांच्या हातात दिला की त्या भिंगातून तो अशा वाचायच्या की वाटावं, कागदाला ताप आलाय आणि या नाडी बघतायत. आमच्या सीमाभागात अलीकडचे कागद कानडी, जुने मराठी, त्याहून जुने मोडी. आक्कांना तिन्ही सारखेच. माझ्या बायकोला त्यांचा पत्ता तिच्या शाळेतल्या शिपाईणबाईंनी दिला होता आणि बायकोनं मला न विचारता त्यांना बोलावलं होतं. माझ्या अकलेवर तिचा किती भरवसा आहे, हे त्यावरून कळावं.

आक्कांची पहिली तऱ्हा अशी की त्या पुढच्या दारानं घर बघत नसत. "म्होरनं बघितलं तर समदीच घरं नवरीवानी दिसत्यात," असं म्हणत त्या मागच्या बोळात शिरल्या आणि न्हाणीपासून सुरुवात केली. न्हाणीत तांब्यातलं पाणी ओतून ते कुठं पळतंय ते बघितलं. वास घेतला. मग जिन्याखाली, मग गच्चीवर. गच्चीवरून खाली येताना एजंटाला म्हणाल्या, "वरल्या दोन खोल्या नकाशात न्हाईत. सरकारला तुमचा मजला अजून दिसल्यालाच न्हाय."

घर चार बिऱ्हाडांचं होतं. खाली दोन, वर दोन. मूळचं विणकराचं. पुढच्या सोप्यात, म्हणजे दर्शनी पडवीत, हातमाग चालायचे. पुढं पॉवरलूमसाठी वेगळी शेड झाली आणि सोपा विटांच्या भिंती घालून भाड्यानं गेला. आमचा बेत साधा होता. खालची दोन रिकामी करून मिळणार होती. त्यांतल्या एका बिऱ्हाडात आम्ही, एकात माझा धाकटा भाऊ, वरचे दोन भाडेकरू आहेत तसे राहू देत. हिंडलग्यात आणि आसपास आम्ही सात भाड्याची घरं बदलली होती. भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाला विचारायचं, याला बायको विटली होती. माझा फंड, तिचे साठवलेले पगार आणि मला वाटणीत आलेला जमिनीचा तुकडा विकून आलेलं सगळं या एका घरात जाणार होतं. चुकलो तर दुसरी संधी नव्हती.

मी आक्कांच्या मागून फिरत "उजेड चांगला आहे नाही?", "हवा खेळती आहे" असं बोलत होतो. आक्का थांबल्या आणि बायकोकडं वळल्या. "तुमच्या ह्यांनी विसार देऊन टाकलाय."

"छे हो," बायको म्हणाली.

"घर बघाय आलेला माणूस खोटी काढतोय, भाव पाडाय. ह्ये गुण सांगाय लागल्यात. म्हंजे दिलाय."

मी फोनवर फोटो बघून विसार दिला होता. तिसऱ्या दिवशीच. बायको माझ्याकडं नुसती बघत राहिली. त्या बघण्याचं वर्णन मी करणार नाही, विवाहितांना ते ठाऊक असतं.

दुसरी तऱ्हा, त्या मालकाशी कमी आणि भाडेकरणीशी जास्त बोलायच्या. "मालक लबाड बोलतोय, उतारा अर्धं बोलतोय, भाडेकरीण समदं बोलती." पुढच्या सोप्यात शांतावहिनी राहायच्या, नऊ वर्षांपासून. आक्कांनी त्यांच्याकडं चहा घेतला, भाजीचा भाव विचारला, आणि बोलता बोलता फ्रिजच्या पायाखाली घातलेल्या वर्तमानपत्राच्या घडीवर टॉर्च मारला. टाचेनं फरशी दाबली. पोकळ आवाज आला.

"हितं मागाचा खड्डा हुता," त्या म्हणाल्या. "विणकर त्यात पाय सोडून बसायचा. राख, केर घालून बुजवलाय आणि वर फरशी मारलीया. फ्रिज कलतोय तो त्यानं."

मी याच फरशीला 'एकदम नवी' म्हणालो होतो.

मग आक्कांनी मान वर केली. सोप्याच्या जुन्या तुळईला दोन लोखंडी कड्या होत्या. तुळईला तेलपाणी नाही, भोवती कोळिष्टकं, पण कड्यांचा आतला भाग चकचकीत. आक्का बराच वेळ बघत राहिल्या.

"वहिनी, तुमच्यात तान्हं लेकरू न्हाय. मग ह्या कड्या कशानं घासल्यात?"

"झोका बांधतोय की वो, पंचमीला," शांतावहिनी म्हणाल्या.

"पंचमीला कोण येतं ह्या घरात?"

"सुमनताई. मालकांची भण. कोगनोळीला दिलीया. दर पंचमीला येती, दोन दिस माझ्याकडंच टेकती, आणि झोका काय सोडत न्हाय बघा! साठीला आली तरी."

आक्कांनी पिशवीतून मालकांची वंशावळ काढली. वारसांची नावं दाखवणारा, शपथेवर दिलेला कागद. वडील वारल्यावर घर ज्या आधारानं दोन मुलांच्या नावावर चढलं, तो हाच. भिंग फिरवलं आणि कागद माझ्यासमोर धरला. कानडीत होता, तरी तीन भावंडं आणि दोन नावं यांतला फरक मलाही कळला. बहीण त्यात नव्हतीच.

वकील, एजंट, कचेरी, सगळ्यांच्या हातांतून गेलेला कागद, आणि त्यातली गायब बाई या बाईंनी तुळईच्या कडीत शोधली होती.

दोन दिवसांनी मालक भावांसमोर हा विषय निघाला. थोरले जरा करडे होते. "तिचं समदं लग्नात दिलंय. ती काय बी मागत न्हाय."

"मागत न्हाय ह्ये तिनं सांगायचं, अण्णा. तुम्ही न्हाय."

"दर पंचमीला भारी साडी घेतो की तिला! आमच्याच मागावरली!"

"साडी घेताय म्हंजे भण हाय," आक्का म्हणाल्या. "मग कागदावरनं कुठं गेली?"

धाकटे भिंतीकडं बघू लागले. एजंट मधे पडला, "उद्या मी कोगनोळीला जातो, सही घिऊन येतो, झालं." आक्कांनी त्याच्याकडं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "आज घेतलासा तर उद्या तिचा पोरगा कोर्टात हुबा ऱ्हाईल. तवा घर तुमचं, आणि झोप वकिलाची."

त्या रविवारी मी, बायको आणि आक्का निपाणीच्या एसटीत बसलो. पुढं कोगनोळी. हायवेपासून आत, चेकपोस्टवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येतील इतक्या अंतरावर सुमनताईंचं घर. त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. माहेरच्या घरासंबंधी कुणी आलंय म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं, "समदी बरी हाईत न्हवं?" घर विकायला काढलंय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

आक्कांनी कागद काढला आणि एकेक ओळ कानडीतून मराठीत करून वाचली. हळू, सुपात तांदूळ निवडावेत तशी. ही त्यांची तिसरी तऱ्हा, आणि सगळ्यांत मोठी. त्या म्हणायच्या, "कागद कंच्या बी भाषेत असूं दे. रडायची येळ आली की माणूस आपल्याच भाषेत रडतंय. म्हणून सहीच्या आधी आपल्या भाषेत ऐकायचं."

सुमनताईंनी शेंगा फोडणं थांबवलं. "वारस दोघंच, असं लिवलंय?"

"व्हय."

"साडी घेताना फोन करून रंग इचारत्यात," त्या म्हणाल्या. एवढंच. टरफलं पदरातून झटकली.

आता सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझा हात खिशाकडं गेला. बाई हळव्या झाल्यात, 'जाऊ दे, देते सही' म्हणतील, असा माझा हिशेब. मी पेन काढलं. आक्कांनी माझं मनगट धरून हात खाली केला.

"ठिवा त्ये. ज्या दिशी बाईला कागद कळला, त्या दिशी म्या तिची सही घेत न्हाय. तिला जेवूं दे, निजूं दे, नवऱ्यासंगं भांडूं दे. मग बघूं."

आम्ही सही न घेता परतलो. एसटीत मी फणफणत होतो. खरेदीची ठरलेली तारीख जाणार, थोरले बिथरणार, विसार बुडणार. आक्का खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. बायको म्हणाली, "बुडू दे." सातव्या घरातून आठव्या भाड्याच्या घरात जायची तयारी ठेवून ती हे बोलली होती, म्हणून मी हिशेब थांबवला.

तारीख गेली. थोरल्यांनी फोन उचलणं बंद केलं. एजंटानं दुसरं गिऱ्हाईक आणायची धमकी दिली. आक्का म्हणाल्या, "आणूं दे. त्या गिऱ्हाईकाला बी माझ्या झाडाखालनंच जावं लागतंय."

तीन आठवड्यांनी सुमनताई एकट्या चिंचेखाली येऊन उभ्या राहिल्या. हातात पिशवी, डोक्यावर पदर. आक्कांनी दोघा भावांना आणि आम्हाला बोलावून घेतलं आणि सगळ्यांना शेजारच्या एका बाँडरायटरच्या खोलीत बसवलं. आक्कांनी त्यांच्यासाठी हक्कसोडपत्राचा मसुदा तयार ठेवला होता आणि दुसराही एक. दोन्ही वाचून दाखवले. सुमनताईंनी पहिला बाजूला सारला.

"म्या सोडत न्हाय," त्या म्हणाल्या. "म्या इकते. भावांच्या बराबरीनं."

थोरले ताडकन उठून बाहेर गेले. धाकटे उठले, कोपऱ्यातली खुर्ची आणली आणि बहिणीसमोर ठेवली. "बस, ताई. म्या बोलतो अण्णाशी." अर्ध्या तासानं दोघे आत आले. थोरल्यांचे डोळे लाल होते, रागानं की कशानं ते मी विचारलं नाही. वंशावळ दुरुस्त होऊन, वरचा मजला सरकारला दिसेपर्यंत आणखी चार महिने गेले. आणि मग खरेदीपत्रावर विकणाऱ्यांची तीन नावं आली. कचेरीत फोटो काढताना सुमनताईंनी पदर दोनदा सारखा केला.

मागाचा खड्डा आम्ही उकरून नीट भरून घेतला. सध्या तिथं आमचा फ्रिज आहे, सरळ उभा.

त्यानंतर मी ओळखीच्या किती जणांना आक्कांकडं पाठवलं, मोजदाद नाही. मला स्वतःलाही खोड लागली. कुणाच्या घरी गेलो की मी आधी न्हाणीत डोकावतो. पाहुण्यानं असं करणं बरं दिसत नाही, हे मला दोन-तीन घरांत सांगण्यात आलं आहे.

गेल्या वर्षी आक्कांनी चिंचेखालचं स्टूल उचललं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी बारीक अक्षर लागेना. लोक म्हणाले, "तुम्ही बसा नुस्त्या, कागद आम्ही वाचतो." त्या म्हणाल्या, "मला न दिसल्यालं म्या बरूबर हाय म्हणून सांगणार न्हाय." लेकीकडं धारवाडला जायला निघाल्या. आम्ही दोघं बसस्टँडवर पोचवायला गेलो. एवढ्या कागदांची गाठोडी सोडवणाऱ्या बाईंचं स्वतःचं सामान एका पिशवीत मावलं होतं.

खिडकीतून त्यांनी बायकोचा हात धरला. "तुमचं म्हायेर कुठलं वो? कधी इचारलंच न्हाय."

"उचगाव."

"भाऊ?"

"दोन."

"उतारा बघितलासा?"

बायको नुसती हसली. कंडक्टरनं घंटी मारली. आक्का गाडी वळेपर्यंत मागं बघत होत्या, आमच्याकडं नव्हे, तिच्याकडं.

आम्ही स्टँडबाहेर आलो. बारा वर्षांपूर्वी माझे मेव्हणे उचगावच्या घराचा एक कानडी कागद घेऊन घरी आले होते. मी तेव्हा बायकोला म्हणालो होतो, "करून टाक सही. नात्यात कशाला वाईटपणा?" तिनं केली होती. मेव्हण्यांना मी आग्रहानं जेवायला ठेवून घेतलं होतं. त्यावर आमच्या घरात पुन्हा एक शब्दही निघाला नव्हता, आणि याला मी इतकी वर्षं समाधान समजत होतो.

रिक्षात बसल्यावर, बरंच अंतर गेल्यावर, मी म्हटलं, "तेव्हा मी तुला थांब म्हणायला हवं होतं."

ती बाहेर बघत म्हणाली, "थांब नसतं म्हटलं तरी चाललं असतं. नुसतं वाचून दाखवायचं होतं."