कूलरमध्ये पाणी कोण भरणार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवरा गेला, त्यालाही नाही. चौथीपर्यंत शिकले, हिशोब बेताचाच येतो. पण एक हिशोब मी केला होता — आणि त्याची अजून भीती वाटते.

मुलाला परदेशी कंपनीत नोकरी लागली, तेव्हा आमच्या चिक्कडपल्लीच्या घरात पहिला कूलर आला. पत्र्याचा. दिवसातून दोनदा बादलीनं पाणी भरायचं. भरताना एकदा मला शॉक बसला. मग पुन्हा — कोपरापर्यंत, आणि तेव्हा तर बटण बंद होतं. मुलाला सांगावं? तो कूलर दुकानात पाठवणार, आणि भर मे महिन्यात आम्ही भाजत बसणार? मग मी मोजलं. महिन्यात साठदा भरलं, शॉक दोनदा. म्हणजे तिसात एक. जीव जाईल असा तर हजारातही नाही — हे मीच ठरवलं.

इतकं कमी होतं, तर दुसऱ्या दिवसापासून मी त्या पत्र्याला हात का लावला नाही?

पाणी भरायचं काम यादम्माला दिलं, आमच्या कामवालीला. आठवड्यात ती म्हणाली, "अम्मा, हातकू झुनझुनी आती."

"काम दिसलं की हाताला मुंग्या! तुझे झुनझुनीच आती," मी म्हणाले. ती हसली. त्यानंतर बादली वाजली की मी श्वास धरून बसायची.

आणि एक गोष्ट मी मोजलीच नव्हती. मी पाणी भरायची रबरी चपला घालून. यादम्मानं चपला दाराबाहेर काढायच्या, हा नियम माझाच. ती ओल्या फरशीवर अनवाणी.

एका दुपारी बादली आदळली. यादम्मा कूलरला चिकटली होती, आवाजही फुटत नव्हता. सुनेनं धावत येऊन प्लग ओढला. मी दारात होते — जवळ होते — हललेच नाही.

ती जगली. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली.

संध्याकाळी मुलानं सगळ्यांदेखत विचारलं, "आई, शॉक बसतो हे तुला माहीत होतं?"

"मला कसं कळणार? ही कधी बोलली का?"

यादम्मा माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नै साब. मैंच नै बोली."

पुढे सहा वर्षं ती आमच्याकडेच होती. भांडी डाव्या हातानं घासायची. घरात आम्ही दोघीच उरलो, की मी देवळात निघून जायची.