पहिल्या चावीचा आवाज

आमच्या ह्यांना सगळे कानसेन म्हणत. गाण्याचा गंध नव्हता, पण रात्रभर थंड पडलेलं इंजिन सकाळी पहिल्या चावीला कसं बोलतं, ते ऐकून हे ऑइल फिल्टरची पारख करत. घराखालीच गॅरेज. जुना फिल्टर कापून त्यातला काळा कागद माझ्या घासलेल्या परातीत पसरायचे आणि मी करवादले की म्हणायचे, "अगं, बघ तरी." मग व्याख्यान. धुऊन वापरायची जाळी टिकते फार, पण बारीक कचरा सोडते. नुसता कागदी फिल्टर गाळतो छान, मात्र बसवताना हात चुकला की गळती. पत्र्याच्या डब्यातला सगळ्यांत सोयीचा, पण आतली रबरी चकती चांगली हवी. ती रात्रभर तेल अडवून धरते. चकती कडक झाली की तेल खाली उतरतं आणि सकाळी इंजिन क्षणभर कोरडंच खडखडतं.

गेल्या वर्षी ह्यांनी एक स्वस्त डबा पसंत केला. "महागाच्या तोडीस तोड आहे. सकाळी हूं की चूं नाही," असं येईल त्याला सांगू लागले. लोक त्यांच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवत. शाळेच्या मुलांची व्हॅन रात्री आमच्याच अंगणात उभी असे. तिलाही तोच बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन सुरू झाली आणि खडखडाट थेट माझ्या स्वयंपाकघरात आला. खिडकीतून पाहिलं, तर हे व्हॅनशेजारी उभे राहून समाधानाने मान डोलावत होते. ड्रायव्हर गोंधळून बघत होता. त्याला ऐकू आलं होतं, पण खुद्द कानसेनांसमोर तो बिचारा काय बोलणार?

मी दहा हाका मारल्या तरी ह्यांनी वर बघू नये, हे आमच्याकडे लग्नापासूनचंच. त्यामुळे कान कधी गेले ते मला कळलंच नाही.

सांगावं तर माणूस मोडून पडणार. न सांगावं तर लोकांची इंजिनं जाणार, आणि ह्यांचं नावही. दिवसभर मी गप्प राहिले. तेही ह्यांच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या सकाळी मात्र खाली उतरले. व्हॅनचं बॉनेट उघडायला लावलं, ह्यांचा हात धरून थंड इंजिनवर ठेवला आणि ड्रायव्हरला खूण केली. खडखड बोटांना लागली तसा ह्यांचा चेहरा उतरला. आवाज थांबला तरी हात तिथेच होता.

"तुला ऐकू येतं हे?"

"वरपर्यंत," मी म्हटलं. मग तेच ओरडून म्हटलं.

त्यांनी तिथल्या तिथे तो डबा उतरवून महागाचा चढवला. ज्यांना ज्यांना स्वस्तातला बसवला होता, त्या सगळ्यांना फोन करून बोलावून घे म्हणाले. व्हॅन गेल्यावर हात पुसत पायरीवर बसले.

"तुझं किती बोलणं राहून गेलं असेल गं?"

मला रडू आवरेना. "काही विशेष नव्हतं," मी म्हटलं.

ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"पुन्हा सांग," म्हणाले.