कोणालाच न बांधणारा कागद

संयोगिता मोहिते बोलायला लागली की तिसऱ्या मजल्यावरच्या पंख्यांची घरघर ऐकू येत नाही. लोक म्हणतात, स्वभावच तसा. स्वभाव कसला डोंबलाचा! बावीस वर्षं एकाच खात्यात, एकाच टेबलाशी बसून एमओयू तयार करून बघा, मग तुमचा आवाज चढतो की नाही ते सांगा.

एमओयू म्हणजे सामंजस्य करार. बाहेरची एखादी संस्था म्हणते, तुमच्या सरकारी शाळांत अमुक काम आम्ही फुकट करून देतो. खातं म्हणतं, बरं, करा. एवढंच दोन पानांवर लिहायचं आणि शेवटी घालायचं की या कागदानं कोणावर कायद्याचं कसलंही बंधन येत नाही. उद्या संस्था फिरकली नाही तरी खातं कोर्टात जाणार नाही, खात्यानं दार उघडलं नाही तरी संस्था जाणार नाही. इतका गरीब कागद! पण तो सहीपर्यंत न्यायचा म्हणजे जीव मेटाकुटीला येतो.

निहारची संस्था शहरातल्याच कोरमंगलात. पुण्याहून आयटीत आलेला हा पोरगा, नोकरी सोडून मुलांचे कान तपासायची गाडी काढून बसला होता. होसकोटेच्या बाजूच्या शाळांत गाडी न्यायची आणि ज्याला कमी ऐकू येतं त्याला यंत्र द्यायचं, असा त्याचा बेत. जूनमध्ये तो अर्ज घेऊन आला. संयोगिताचं घराणं इथं कन्नड मुलखात तीनशे वर्षांचं, तिची मराठी निम्मी कन्नडात भिजलेली, त्याची निम्मी इंग्रजीत. तरी दोघांचं जमलं. चार दिवसांत तिनं मसुदा करून कायदा शाखेकडे पाठवला.

आणि तिथं बसले होते बिंदुमाधवराव. शंका काढण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, पण सगळ्या एकदम काढतील तर शपथ! एका वेळी एकच. ऑगस्टमध्ये विचारलं, संस्था नोंदलेली आहे का. सप्टेंबरात, गाडीचा विमा आहे का. ऑक्टोबरात विचारलं, "दंडाचं कलम कुठंय?"

"अण्णा, बंधनच नाही तर दंड कशाचा?" संयोगिता फोनवर कडाडली.

"असू दे की एक. फायलीला वजन येतं."

ते कलम त्यांनी स्वतःच घातलं. शाळेत झाडं लावणाऱ्या संस्थेच्या जुन्या एमओयूतून उचललं आणि 'रोपं' होतं तिथं 'विद्यार्थी' केलं. निहारचा फोन आला. "ताई, ॲक्च्युअली इथं लिहिलंय की वर्षाअखेर नव्वद टक्के विद्यार्थी जगले नाहीत तर संस्थेनं नवे लावून द्यावेत. हे आम्ही साइन करायचं?" संयोगितानं कपाळाला हात लावला. ते कलम निघेपर्यंत जानेवारी उजाडला.

मधल्या काळात शारदम्मा टीचरचे फोन. होसकोटेपलीकडच्या एका शाळेच्या त्या मुख्याध्यापिका, आणि शाळा सातवीपर्यंतच. "अक्का, माझी चैत्रा सातवीत आहे. इतकी वर्षं मी तिला मठ्ठ समजत होते हो, तिला नीट ऐकूच येत नाही. बाप म्हणतो, हिला काही कळत नाही, पुढं पाठवून काय करू? एप्रिलात शाळा सुटायच्या आत गाडी पाठवा." दर सोमवारी हेच. संयोगिता म्हणायची, "स्वल्प थांबा टीचर, होतंय." आणि फोन ठेवला की स्वतःवरच चिडायची. काय होतंय, कपाळ?

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी सगळं जुळलं. सही करणारे साहेब खुर्चीत, फाईल टेबलावर, निहार पेन काढून बसलेला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. साडेदहा वाजून दोन मिनिटं. "राहुकाळ लागला. बारानंतर बघू." बाराला त्यांना बैठकीचं बोलावणं आलं आणि सोमवारी त्यांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, मी ही फाईल पाहिलेली नाही, कायदा शाखेकडून पुन्हा तपासून आणा.

पुन्हा बिंदुमाधवराव! संयोगिता जागेवर येऊन धपकन बसली.  तिनं मसुदा उघडला आणि शेवटचं कलम वाचलं. कोणावर कसलंही बंधन नाही. बावीस वर्षं हे तिनंच लिहिलं होतं. मग हा कागद नाही म्हणून गाडी का थांबलीय? आरोग्य तपासणीसाठी कोणाला शाळेत घ्यावं, याचं पत्र द्यायचा अधिकार तर तिच्या टेबलालाच होता. पण संस्था म्हटली की एमओयू, ही खात्याची रीत, आणि नऊ महिने तिलाही दुसरं काही सुचलं नव्हतं. आधी तिनं स्वतःला चार शिव्या घातल्या. मग चार ओळींचं पत्र टाइप केलं, खाली सही ठोकली आणि निहारला फोन लावला. "उद्या सकाळी गाडी काढ. सरी? ठीक ना?"

गाडी गेली. आठवडाभरानं नोटीस आली, तीही कायदा शाखेच्या टिपणावरूनच: कोणत्या एमओयूच्या आधारे बाहेरच्या संस्थेला शाळेत प्रवेश दिला, तीन दिवसांत खुलासा करा. एवढ्या नोकरीतली पहिली नोटीस, आणि बढतीची यादी पुढच्याच महिन्यात. खुलासा काय लिहायचा, डोंबल? ज्या कागदानं कोणी बांधलं जात नाही, तो नव्हता म्हणून अडलं कुणाचं, एवढंच तिनं लिहिलं. लिहिताना डोळे भरून आले, त्याचा तिला आणखीच राग आला.

तेवढ्यात फोन वाजला. बिंदुमाधवरावच असणार! नंबरही न बघता ती गरजली, "आता आणखी काय हवंय तुम्हाला?"

 पलीकडून एका मुलीचा आवाज आला, कन्नडात, एकेक शब्द जपून.

"मी चैत्रा. माझे अप्पा आठवीचा फॉर्म भरतायत, ते सांगायला टीचरनी फोन दिला." मग म्हणाली, "अक्का, एवढं ओरडू नका ना. मला ऐकू येतंय."