जपानी लेखकाची गोष्ट आणि आमचं दार

मंडळी, आत्ताच घरात शिरलोय.

इथे परदेशात मुलाच्या घराशेजारी एक जपानी आजोबा राहतात. तरुणपणापासून विज्ञान कादंबऱ्या लिहून त्यांनी संसार केला. आमचं बोलणं फोन भाषांतर करून देतो. आज बागेत त्यांनी नवी गोष्ट सांगितली. परदेशात मुलाकडे राहणाऱ्या म्हाताऱ्याला घराचं दार ओळखेनासं होतं.

घरी आलो. आमचंही दार चेहरा बघून उघडतं. आज उघडलंच नाही! थंडीत दोनदा मागे सरून पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. बेल दाबली, तर बेलमधून ऑफिसात असलेल्या सूनबाईंचा आवाज आला, "बाबा, आधी ती माकडटोपी काढा!"

काढली. तरी दार गप्प. शेवटी तिनेच फोनवरून उघडलं.

ती म्हणते, कॅमेऱ्यावर बाष्प असेल. पण ती मीटिंगमध्ये असती तर?

तुमच्यापैकी कोणाच्या घराला अजून साधी किल्ली आहे का?