गडग्यापलीकडची गोधडी

चोपड्यात नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर दोन घरे आहेत आणि त्यांच्यामध्ये चिऱ्यांचा, कमरेएवढा गडगा आहे. अलीकडच्या घरात गंगाकाकी राहते, पलीकडे तिची धाकटी जाऊ कमळ. गडगा जमिनीच्या वाटणीच्या वेळी घातला गेला. परंतु गंगाकाकीच्या मनातला त्याच्याही आधीचा आहे. सासूने आजारपणात पाणी मागितले ते कमळच्या हातचे. दत्ताराम, म्हणजे गंगाकाकीचा नवरा, वारला तेव्हा रीतीप्रमाणे लहान प्रशांतला दिवसकार्य होईपर्यंत शेजारी पाठवले, आणि शेजारी म्हणजे कमळचेच घर. मुलगा परत आला तो कमळकाकीच्या सुंगटाच्या हुमणाची, त्या कोलंबीच्या आमटीची, चव जिभेवर घेऊन. आईने रांधलेल्या हुमणात त्याला काहीतरी कमी लागू लागले. काय, हे त्याला सांगता येत नसे. गंगाकाकीला मात्र ते पक्के ठाऊक होते.

आता प्रशांत डिचोलीला नोकरीला असतो आणि रविवारी येतो. घरात उरली होती दोन जनावरे : काळू हा म्हातारा कुत्रा, आणि त्याच्या पोटाशी झोपून वाढलेली सोनी मांजरी. सोप्यावर काळूची गोधडी असे, गंगाकाकीने दत्तारामच्या धोतरांची आणि आपल्या लुगड्यांची शिवलेली. त्या दोघांचे त्या गोधडीवर निजणे पाहूनच तिची संध्याकाळ सरत असे.

गेल्या हिवाळ्यात काळूचे मागचे पाय गेले. पोटात गाठ होती, अन्न सुटले होते. पेडण्याहून आलेल्या गौरवी डॉक्टरांनी तपासून सांगितले की आता त्याला ठेवणे म्हणजे केवळ कण्हत ठेवणे. प्रशांतने मान हलवली, आणि बऱ्याच वेळाने गंगाकाकीनेही. सुई देण्यापूर्वी डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली : नंतर मांजरीला त्याच्याजवळ येऊ द्या, वास घेऊ द्या; नाहीतर ती त्याला शोधत राहील.

गंगाकाकीने ते ऐकले. पण मरणाच्या घरात लेकरू ठेवत नाहीत, हे तिला डॉक्टरांच्या आधीपासून माहीत होते. तिने सोनीला टोपलीत झाकून गडग्यापलीकडे कमळच्या हाती दिले. काळूला माडाच्या मुळाशी पुरल्यावर सोपा फिनेलने धुतला, शेणाने सारवला आणि मेलेल्याचे अंथरूण बाहेर टाकतात तशी गोधडी गडग्यावर नेऊन टाकली. माणसाचे जे करायचे ते सारे तिने काळूचे केले.

सोनीला तिने संध्याकाळी घरी आणले. ती सोपाभर हिंडली, सारवलेल्या जागेशी नाक नेऊन मागे सरली, न्हाणीत पाहिले, माडाकडे पाहिले आणि उडी मारून गडग्यापलीकडे गेली. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. गंगाकाकीने दार लावून पाहिले, तर सोनी कौलांतून निसटली. बशीतले बांगड्याचे तुकडे मुंग्यांनी नेले.

कमळचा नवरा सगुण नदीत जाळे टाकतो. त्यामुळे त्या घरी ताजी मासळी असते, आणि हे कारण गंगाकाकीला पुरेसे होते. विहिरीवर कमळ आली तेव्हा ती दुसरीकडे पाहून, पण हळू नव्हे, म्हणाली, "मासळी दाखवली तर कोणाचां मांजर येवचां नाय?"

कमळने कळशी खाली ठेवली. "वयनी, तुज्या मांजराक मी दुधाचो थेंबसुद्धा घालूक नाय. ता माझ्या हातचां काय खायना."

गंगाकाकीने विश्वास ठेवला नाही. सासूच्या वेळीही कमळ असेच म्हणाली होती, की मी काही केले नाही. तिने मोरजीच्या बाजारातून चांगली सुंगटे आणली, कमळ करते तशी नारळाच्या रसात उकळली, आणि हाक मारून मारून थकली. सोनी आलीच नाही. मांजरीच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. हे घर आता पूर्ण रिकामे होणार आणि तेही त्याच दिशेने, हे उमगल्यावर मात्र ती लपतछपत न जाता सरळ गडगा ओलांडून गेली. कमळ रांधत होती. तिच्या पायाशी सोनी नव्हती.

"मागल्या खोपीत बघ," कमळ वळून न पाहता म्हणाली.

लाकडांच्या खोपीत सरपणावर ती गोधडी घातलेली होती. मधोमध, काळूच्या अंगाने पडलेल्या खळग्यात, सोनी अंग आवळून बसली होती.

"तूच गडग्यार टाकलंस," मागून येऊन कमळ म्हणाली. "चांगली व्हती, म्हणान लाकडांर घातलंय. धुवूक सवड गावली नाय."

कमळकडे जन्मभर काही मागायचे नाही असे गंगाकाकीने ठरवले होते; आता तिने मागितले. "माका दी गे ती."

"तुजीच मरे."

तिने सोनीला अलगद बाजूला सारले, गोधडी न झटकता घडी केली आणि पोटाशी धरून घरी आणली. सोनी मागोमाग आली. तिची नजर गोधडीवर होती, गंगाकाकीवर नव्हती. सोप्यावर गोधडी पसरताच ती दोनदा फिरली, जुना खळगा शोधला आणि त्यात गंगाकाकीकडे पाठ करून बसली. गंगाकाकीने हात पुढे केला, तर तिने कान मागे घेतले. मेल्यावरही काळूच पुढे राहिला होता.

गडग्यावरून कमळने विचारले, "वयनी, खाल्लान काय?"

"मगाशीच," गंगाकाकी म्हणाली.

बशी भरलेली होती. कमळ आत गेल्यावर तिने ती चुलीजवळून उचलली आणि गोधडीच्या कडेला, जिथे काळूची थाळी असायची, तिथे ठेवली. स्वतः ती उंबऱ्याच्या आत सरकली, दिसणार नाही इतकी. थोड्या वेळाने बशी जमिनीवर घासल्याचा आवाज आला. ती बाहेर आली नाही. आवाज थांबेपर्यंत, दारामागे, ती पलीकडच्या घराकडे पाहत उभी राहिली.