मैनेचं ठाण

हिंगण्याच्या पलीकडे मिनलताईंची घोडेस्वारीची शाळा आहे. बारा घोडे, त्यांची बारा ठाणं. तिथे गोपाळरावांनी घोड्यांची निगा राखत बावीस वर्षं मोतद्दारी केली. तीन वर्षांपूर्वी पाण्याची बादली नेताना ओल्या शहाबादी फरशीवर ते घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. तेव्हापासून त्यांची बायको प्रेमिला कामावर जाते. लीद काढायची, तणस पसरायची, फरशी धुवायची. घोड्यांची तिला आवड होती असं नाही, पण घरातून कोणीतरी उठून जायलाच हवं होतं.

गेल्या दिवाळीनंतर मैना नावाची म्हातारी घोडी त्याच फरशीवर घसरली. पुढचे दोन्ही गुडघे सोलून निघाले. डॉक्टर म्हणाले, हिच्या पायाखालची जमीन मऊ करा. आठवड्याच्या आत मिनलताईंनी रबरी चटयांचे नमुने मागवले.

"माणूस पडला तवा कोनी चटई नाही आनली," प्रेमिला घरी आल्यावर म्हणाली.

गोपाळराव खाटेवर पडून होते. "घोडीले तरी भेटून राहिली ना वं. चांगली पाहून घेजो."

विक्रेत्यानं गुळगुळीत, चकचकीत चटई पुढे केली. धुवायला सोपी, म्हणाला. प्रेमिलानं चप्पल काढली, चटईवर पाणी ओतलं आणि पाय घासून पाहिला. तो सर्रकन सरकला.

"हे नोको ताई. पुन्हा तेच होईन."

दुसरी इतकी पातळ होती की अंगठा दाबला की खालची फरशी लागे. तिसरी बोटभर जाड, वरून खरबरीत, खालून पाणी वाहायला खाचा असलेली. ती एकटीला उचलेना. तीच ठरली.

डिसेंबरात मैनेच्या ठाणातली फरशी उखडली. मुरूम ठोकून नालीकडे उतार काढला, वर दगडाची चुरी पसरली. गोपाळरावांनी घरून निरोप दिला होता, तो प्रेमिलानं ठेकेदाराला सांगितला, "भिंतीपासून बोटभर जागा सोडा. उन्हाळ्यात रबर वाढते."

"फट सोडली की लीद भरते, बाई. मी एकदम फिट बसवतो," ठेकेदार हसला. मिनलताईंना त्याचंच पटलं.

नव्या रबराच्या वासानं मैना दोन दिवस आत पायच टाकेना. तिसऱ्या दिवशी प्रेमिलानं तिची जुनी तणस आणून पसरली, तेव्हा कुठे ती आत गेली.

मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी झाली आणि मधल्या दोन चटया उंटाच्या पाठीसारख्या वर आल्या. मैना अडखळली, नशिबानं पडली नाही. ठेकेदार फोनवर रोज "उद्या येतो" म्हणत राहिला.

"तुम्ही सांगितलं होतं," मिनलताई म्हणाल्या.

प्रेमिलानं मैनेला बाहेर काढलं. बोलून चटया काही सपाट होणार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पहारीनं भिंतीकडची कड उचकटली, खाली फळी सरकवली आणि सुरीला पाणी लावत बोटभर पट्टी कापायला बसली. एक कड कापता कापता दहा वाजले. दुसऱ्या चटईला मिनलताईंनी स्वतः हात लावला.

"गोपाळराव पडले तेव्हाच करायला हवं होतं हे," मिनलताई खाली बघत म्हणाल्या.

तीन वर्षांत हे पहिल्यांदा कोणी म्हटलं होतं. प्रेमिलाला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. आलं नाही. घाम तेवढा डोळ्यांत उतरला.

"तिकडून उचला ताई," ती म्हणाली. "माहा खांदा दुखून राहिला."

दुपारी मैनेला आत आणलं. तिनं चटई हुंगली, जागेवर एक फेरी मारली, मग गुडघे दुमडून सावकाश खाली बसली. एवढ्या महिन्यांत ती दिवसा अशी बसलेली कोणी पाहिली नव्हती. प्रेमिलाही भिंतीला टेकून बसली.

"उरलेली अकरा ठाणंही करून घेऊ," मिनलताई म्हणाल्या. "कुठे किती जागा सोडायची ते तुम्हीच सांगा."

"सांगीन ना," प्रेमिला डोळे मिटूनच म्हणाली. "पन उचलाले चार मानसं आना."