जेनावरचं डांबर

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा कागद फाडला. कासाबाईंना कळलं तर म्हणतील, "माझ्यावर काय लिवायलीस गं? मी काय पुढारी हाय का?" पण राहवतच न्हाई, म्हणून लिहूनच टाकते.

वालूरच्या कासाबाईंकडं एक जेन हाय. लोकर पिंजून, पाणी शिंपडून, पायानं तुडवून तुडवून केलेली जाड बैठक. त्यांचे मालक बिरू गेले, त्याच्या आदल्या हिवाळ्यात दोघांनी मिळून ते तुडवलं होतं. बिरूच्या हातचं घरात आता तेवढंच उरलंय.

पौषातली गोष्ट. कोकराला कुत्रं चावलं. जखमेवर माशी बसू नये म्हणून डांबर लावतात, तसं सुनेनं, भिवराबाईनं, लावलं. कोकरू थंडीनं कुडकुडायलंय बघून तिनं ते घरात आणलं, जेनावर निजवलं. डांबर ओलं हाय, हे ध्यानातच न्हाई आलं. सकाळी कोकरू टुणटुणीत, अन् जेनावर भाकरीएवढा काळा डाग.

कासाबाई बघतच ऱ्हायल्या. सेलूला धोब्याकडं न्यावं, तर विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदानं एस्टी बंद.

"आत्याबाई, सोडा टाकून उकळतं पाणी वतते," भिवरा घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली.

"वतू नगं! लोकर आवळून पिशवी व्हईल त्याची."

"मग रॉकेल चोळून गरम इस्तरी फिरवू?"

"घर पेटवती का बाई? आधी घर इझवू, मग डाग शोधू!"

भिवरा रडायलाच लागली. "रडू नगं. चमचा आण, अन् करडीचं तेल," कासाबाई म्हणाल्या.

जेन अंगणात नेलं, चुलीपासून लय लांब. घट्ट डांबर चमच्यानं खरवडलं. तेलानं मऊ केलं. मग फडक्याला थोडंसंच रॉकेल लावून काठाकडून मधी टिपत आणलं, चोळलं न्हाई. नंतर रिठ्याचं कोमट पाणी. दोन दिवस वाऱ्यावर वाळवलं. कासाबाई घडीघडी नाक लावून हुंगायच्या. "वास हाय तवर इस्तरी लांब." तिसऱ्या दिवशी वास गेला. मग शेजारच्या दिनकररावांच्या घरची कोळशाची इस्तरी आणली, जेनाच्या वर-खाली जुना कागद ठेवला अन् हलक्या हातानं फिरवली. उरलेलं तेल कागदात उतरलं.

तरी पुसट तपकिरी सावली ऱ्हायलीच. भिवरा पुन्यांदा फडकं घेऊन बसली, जोर लावायली. फडक्याला लोकरीचे पुंजके यायले. कासाबाईंनी तिचा हात धरला. पुंजका उचलला, बोटात फिरवला.

"बास कर, पोरी. डागाबरोबर त्यायनी तुडवलेलं बी निघायलंय."

"पण डाग ऱ्हायला की."

"ऱ्हाऊ दे. जेन ऱ्हायलं न्हवं?"

"तुमी रागावल्या न्हाईत?"

"कशापायी? कोकरू थंडीनं कुडकुडताना दिसलं असतं, तर त्यायनी बी तिथंच निजवलं असतं."

मग दोघींनी जेन उचलून आत अंथरलं, अन् कासाबाईंनी भिवराला शेजारी बसवून घेतलं.

तुमी वालूरला जाऊन कासाबाईंना भेटाच. जेनावर बसा म्हणतील, संकोच करू नका, खुशाल बसा. नजर कमी झालीय त्यांची, जवळ जाऊन नाव सांगा. अन् लवकर जा, होळी झाली की त्यांचं बिऱ्हाड मेंढरांमागं निघतं.